सराव पाठात आधी मुलांचे हात, मग मोबाइल

सराव पाठाची तारीख लागली की आपण छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक मंडळी, सगळ्यात आधी यूट्यूबवर व्हिडिओ शोधायला बसतो. निरीक्षणाच्या कागदावर 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना असतो आणि प्रोजेक्टर लावला की तो भरतो, एवढं साधं गणित आहे. मी पहिली-दुसरीच्या वर्गांवर पाठ घेते आणि तयार व्हिडिओ जवळपास वापरतच नाही. वस्तू मुलांच्या हातात, मोबाइल माझ्या हातात. तोही मुलांनी जे केलं ते टिपून त्यांनाच परत दाखवायला.

यामागे शास्त्र आहे, आणि ते आपण परीक्षेत लिहितोच. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960च्या दशकात शिकण्याच्या तीन रीती सांगितल्या: कृती, चित्र आणि चिन्ह. व्हिडिओ लावला की आपण पहिली रीत गाळून थेट दुसऱ्या रीतीवर उडी मारतो, आणि ते चित्रही भलत्याच कुणाचं असतं. मुलाने स्वतः बांधलेल्या गठ्ठ्याचा फोटो मोठा करून दाखवला तर चित्र आणि कृतीचा सांधा आपोआप जुळतो.

काड्यांचे गठ्ठे

दशक-एककासाठी मला काड्यांइतकं भरवशाचं साहित्य दुसरं सापडलेलं नाही. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एका ट्रेमध्ये न मोजलेल्या मूठभर काड्या, थोडे रबर आणि दोन रकान्यांचा कागद द्या. 'किती आहेत?' एवढंच विचारा. मुलं एकेक मोजायला लागतात, मध्येच कुणीतरी बोलतं, आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. हा वैताग होऊ द्या. त्यानंतर 'दहा झाल्या की रबर लावा' म्हटलं की गठ्ठा ही त्यांची स्वतःची सोय होते.

आता नीट बघा. 34 काड्या मोजताना एखादं मूल 'दहा, वीस, तीस' असं गठ्ठ्यांवर बोट ठेवत जातं आणि सुट्या चार पुढे मोजतं. दुसरं मूल मात्र बांधलेल्या गठ्ठ्यातल्या काड्याही एकेक करून मोजतं. रबर आपणच लावलाय, तरी आत दहाच आहेत यावर त्याचा अजून विश्वास नाही. त्याला रागवू नका आणि घाईही करू नका. पाठ्यपुस्तकातल्या चौकटी भरून घेताना हा फरक कधीच दिसत नाही.

मग खरी गंमत: 34 मधून 8 काढा. सुट्या फक्त चार. गट एकमेकांकडे बघतो आणि कुणीतरी विचारतं, 'बाई, रबर काढू का?' हो म्हणायच्या आधी त्या मांडणीचा फोटो घ्या. गठ्ठा सुटल्यावर, काही काढून घ्यायच्या आधी, दुसरा घ्या. दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी लावून विचारा, 'काड्या वाढल्या, कमी झाल्या, की तेवढ्याच?' पसरलेल्या काड्या जास्त वाटतात, त्यामुळे 'वाढल्या' म्हणणारी मुलं निघतातच. त्यांना पुन्हा मोजू द्या. वहीतली मांडणी याच्यानंतर.

तयार रंगीत दशक-पट्ट्या, म्हणजे दहा-दहाच्या अखंड पट्ट्या, दिसायला छान असतात, पण त्या सुटत नाहीत. म्हणून सुरुवात काड्यांनी करा, पट्ट्या पुढच्या आठवड्यात.

मूळ खालीच का जातं?

घेवड्याच्या किंवा राजम्याच्या बिया रात्रभर भिजवा. पारदर्शक पेल्यात आतल्या बाजूने टिपकागद गुंडाळून बसवा आणि काच व कागद यांच्यामध्ये बिया अडकवा. प्रत्येक पेल्यात चार-पाच, कारण सगळ्या रुजत नाहीत. कागद ओला राहील इतकंच पाणी घाला, बी बुडलं तर कुजतं. आणि पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या बिया वर्गात अजिबात आणू नका. त्यांना बहुतेक वेळा कीडनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि मुलांचे हात सतत तोंडात जातात.

बी लावताच मुलांकडून अंदाजाचं चित्र काढून घ्या: मूळ कुठून फुटेल, कुठे जाईल? मूळ चांगलं बोटाच्या पेराएवढं झालं की पेला आडवा ठेवा. मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं, काटकोनात. त्याचं कारण गुरुत्वाकर्षण, पण तो शब्द सांगायची घाई नको. 'त्याला खालची बाजू कळते' असं मुलं स्वतः म्हणाली की पुरे.

इथे मोबाइल कामाचा आहे, कारण हे वळणं डोळ्यांना दिसत नाही. टेबलावर चिकटपट्टीने मोबाइलची आणि पेल्याची जागा आखून घ्या. रोज त्याच जागेवरून, शक्यतो त्याच वेळी फोटो. ते फोटो भराभर सरकवले की मूळ चालताना दिसतं. मोबाइल एकाच जागी ठेवून आपोआप फोटो घेत राहण्याच्या, म्हणजे टाइमलॅप्सच्या, भानगडीत पडू नका. मोबाइल तासन्‌तास अडकून पडतो, आणि रोज फोटो काढायला एकेका मुलाची पाळी लावली तर त्यालाही जबाबदारी वाटते.

माणूस-रोबो

फरशीवर खडूने चार बाय चारच्या चौकटी आखा. 'एक घर पुढे', 'डावीकडे वळ', 'उजवीकडे वळ' अशी बाणांची कार्डं करा. एक मूल रोबो, दुसरं कार्डं मांडणारं. रोबोने डोकं चालवायचं नाही, कार्ड सांगेल तेवढंच करायचं. दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. 'वळ' म्हणजे जागच्या जागी वळायचं, पुढे पाऊल टाकायचं नाही, हे आधी करून दाखवा. दुसरं, रोबो समोर तोंड करून उभा असला की डावं-उजवं उलटतं. कार्डं मांडणाऱ्याला रोबोच्या मागे उभं करा आणि रोबोच्या डाव्या मनगटाला फीत बांधा.

1967 मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात आलेलं, दिलेल्या आज्ञांप्रमाणे चालणारं कासव मुलांना कळायचं ते याच कारणाने: मूल स्वतःला कासवाच्या जागी ठेवून चालून बघतं.

टॅबलेट मिळत असेल तर यापुढे स्क्रॅचज्युनियर घ्या. 2014 मध्ये आलेलं, सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रं चालवायचं हे मोफत अ‍ॅप 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे. ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं असल्याने वाचता न येणारं मूलही ते चालवतं, आणि एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. एक मेख मात्र आहे. फरशीवरचा रोबो आधी वळतो आणि मग चालतो, तर या अ‍ॅपमधलं मांजर डाव्या बाणावर, वेगळं 'वळ' न सांगता, थेट पडद्याच्या डावीकडे सरकतं. म्हणून टॅबलेट देण्याआधी फरशीवर एक डाव असा खेळा की रोबोचं तोंड कायम फळ्याकडेच राहील. मग पडद्यावर गोंधळ होत नाही. एका टॅबलेटवर दोन मुलं बसवा. एक बोट लावेल, दुसरं सांगेल, आणि ठरावीक वेळाने अदलाबदल.

गोष्ट सांगण्याच्या तासाला मोबाइलचं रेकॉर्डिंग पुरतं. मुलांनी चित्रं क्रमाने लावून गोष्ट सांगायची आणि मग ऐकायची. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून सगळे खिदळतात, तेव्हा आधी फक्त नावं रेकॉर्ड करून ते हसू उरकून घ्या.

तासाची आखणी

35 मिनिटांच्या तासात सूचनांना 5, साहित्याला 15, फोटोंवरच्या गप्पांना 10 आणि आवराआवरीला 5 मिनिटं धरा. सूचना साहित्य वाटण्याआधी द्या. ट्रे हातात पडल्यावर आपलं कुणी ऐकत नाही. थांबण्याची एकच खूण ठरवा, आणि तिचा सराव रिकाम्या हातांनी करून घ्या. वर्गात आवाज होणारच. आवाज काड्यांविषयी आहे की पेन्सिल पळवल्याविषयी, एवढंच बघा.

फोटो हातांचे आणि साहित्याचे काढा, चेहऱ्यांचे नाही. शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्या, आणि काम झालं की फोटो पुसून टाका. पडद्याला जोडण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर, नाहीतर दशक सुटा करताना मावशींचा फोन पडद्यावर झळकतो. वीज गेली तर मोबाइलच गटागटांत फिरवा.

बालवाडीच्या वर्गावर पाठ असेल तर स्क्रीन आणखी आवरती घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितकं बरं. त्या तासातला मोठा वाटा घरीच संपलेला असतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी-बियांसारख्या बारीक वस्तूही देऊ नका.

गट काम करत असताना खिशात एक छोटी वही ठेवा आणि मुलांची वाक्यं जशीच्या तशी टिपून घ्या. 'गठ्ठा एकेक मोजला', 'न विचारता रबर काढला', 'वाढल्या म्हणाला, मोजून तेवढ्याच म्हणाला' असं. दुसऱ्या दिवशीचे गट मी या नोंदींवरूनच पाडते: एकेक मोजणाऱ्यांना पुन्हा काड्या आणि रबर, बाकीच्यांना पट्ट्या.