रेतनानंतरचे पहिले तीन आठवडे : इंदूर परिसरातील म्हैसपालकांसाठी हिवाळी सल्ला

कार्तिक लागला की सांवेर, देपालपूर, हातोद आणि महू या भागांतील गोठ्यांमध्ये म्हशी माजावर येऊ लागतात. दिवस लहान होत जातात तशी म्हशीची प्रजननक्षमता वाढते. त्यामुळे उन्हाळाभर मुका माज (बाहेरून खुणा न दिसणारा माज) दाखवून गेलेल्या म्हशींना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम असतो आणि तो हुकला तर भाकड जनावराला महिनोन्‌महिने खुराक घालत बसावे लागते. या दिवसांत रेतनासाठी धावपळ पुष्कळ होते, परंतु रेतन उरकले की गोठ्याचे लक्ष त्या म्हशीवरून उडते, आणि नुकसान बहुधा त्यानंतरच होते.

गाईंवरील अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. योग्य वेळी रेतन झाल्यास सुमारे ९० टक्के वेळा बीजांडाचे फलन होते. प्रत्यक्षात त्या रेतनातून वासरू मिळण्याचे प्रमाण मात्र निम्म्याच्या आसपास राहते. मधली गळती मुख्यतः पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत होते. म्हणजे ‘उलटली’ (रेतन वाया जाऊन पुन्हा माजावर आली) म्हणून आपण ज्या जनावराची नोंद करतो, त्याच्या पोटात अनेकदा गर्भ तयार झालेला असतो, पण तो टिकलेला नसतो.

हे कसे घडते, ते पाहिल्यास पुढील काळजीचा अर्थ लागेल. फलित बीज चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरते आणि पुढे बरेच दिवस कोठेही न चिकटता तेथील स्रावांवरच पोसले जाते. तेराव्या दिवसाच्या सुमारास जेमतेम काही मिलिमीटरचा असलेला गाईचा गर्भ त्यानंतर झपाट्याने दोऱ्यासारखा लांबतो आणि इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून आपण आहोत अशी वर्दी आईच्या शरीराला देतो. ही वर्दी सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत पोहोचली नाही, तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटते, गर्भ राखणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवणारा बीजांडकोशावरील पीतपिंड विरघळतो आणि जनावर पुन्हा माजावर येते. हे प्रथिन इंटरफेरॉनच्या कुळातील असल्याचे १९८७ मध्ये मेंढीवरील संशोधनातून स्पष्ट झाले, आणि म्हशीचा गर्भही याच मार्गाने आपली वर्दी देतो. अशक्त किंवा मागे पडलेला गर्भ ही वर्दी वेळेत देऊ शकत नाही.

गर्भ मागे पडण्याची सुरुवात पुष्कळदा चुकीच्या वेळी केलेल्या रेतनापासून होते. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे, हा १९४० च्या दशकात अमेरिकेतील नेब्रास्का येथे गाईंवर झालेल्या प्रयोगांतून रूढ झालेला नियम आजही कामाचा आहे. अडचण माज ओळखण्याची आहे. म्हशीचा सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, गाईसारखा लोंबत राहत नाही. ती बसलेली असताना शेपटीखाली जमिनीवर अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, चिकट ओघळ दिसतो, आणि शेण काढणाऱ्याने खराटा फिरवला की तो पुरावा गेला. म्हणून पहाटे झाडण्यापूर्वी कंदील किंवा मोबाईलच्या उजेडात प्रत्येक म्हशीच्या मागे पाहून घ्यावे. वारंवार थोडी थोडी लघवी करणे, ओरडणे आणि दूध अचानक चोरणे या खुणाही त्यासोबत पाहाव्यात. सोट गढूळ किंवा पुवासारखा असेल तर त्या माजाला रेतन करू नये. आधी पशुवैद्यकाकडून गर्भाशयावर उपचार करून घ्यावेत.

रेतनानंतर तीन आठवडे म्हशीची जागा, सोबत आणि खुराक बदलू नये, तिला वाहनातून हलवू नये. दुपारी अजूनही ऊन तापत असेल तर पहिले दोन-तीन दिवस तिला सावलीत ठेवावे व पाणी मारावे, कारण अगदी कोवळा गर्भ उष्णतेने सर्वाधिक मरतो. बरसीम या हिरव्या चाऱ्याची पहिली कापणी आली की पाटी भरभरून टाकण्याचा मोह होतो. कोवळ्या बरसीममध्ये प्रथिने जास्त असल्याने रक्तातील युरिया वाढून गर्भाशयातील वातावरण बिघडू शकते. तो भुशात मिसळून हळूहळू वाढवावा आणि प्रौढ जनावराला रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनातच लिहावी. आपल्याकडे तिथीने मोजण्याची सवय आहे, पण तिथीचा क्षय-वृद्धी होत असल्याने मोजणीत घोळ होतो. १० नोव्हेंबरला रेतन झाले असेल तर २८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात सकाळ-संध्याकाळ माजाची पाहणी करावी. या दिवसांत माज न दिसणे म्हणजे म्हैस गाभण, असे मात्र धरू नये. मुका माज निसटलेला असू शकतो. सोनोग्राफीची सोय असल्यास तिसाव्या दिवसाच्या सुमारास, नसल्यास अनुभवी पशुवैद्यकाकडून ४५ ते ६० दिवसांनी हाताने गर्भतपासणी करून घ्यावी. म्हैस गाभण ठरल्यास सुमारे ३१० दिवसांच्या हिशेबाने ती सप्टेंबरच्या मध्यास विईल.

या तपासणीपूर्वी, ‘माज आणणारे’ म्हणून मिळणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन कोणत्याही रेतन झालेल्या म्हशीला देऊ नये. ती गाभण असेल तर त्याने पीतपिंड विरघळून ती गाभडते.