रेषीय संकलनाआधी एक मिनिटाची तपासणी

सदिश क्षेत्राचे (प्रत्येक बिंदूला एक सदिश जोडणाऱ्या फलनाचे) रेषीय संकलन, म्हणजे एखाद्या वक्राच्या वाटेने केलेले संकलन, काढायला सांगितले की बहुतेक विद्यार्थी लगेच वक्राचे प्राचलीकरण मांडू लागतात, म्हणजे त्यावरचे बिंदू एकाच चलात लिहू लागतात, आणि पानभर आकडेमोड झाल्यावर कुठेतरी चिन्हात चुकतात. त्याआधी पहिल्या घटकाचे य-सापेक्ष आणि दुसऱ्या घटकाचे क्ष-सापेक्ष आंशिक विकलन (दुसरे चल स्थिर धरून केलेले विकलन) समान येते का, हे तपासावे. (२क्षय, क्ष² + ३य²) या क्षेत्रात दोन्हीकडे २क्ष मिळते, म्हणून क्ष²य + य³ हे विभव फलन, म्हणजे ज्याची आंशिक विकलने हेच क्षेत्राचे घटक असतात असे फलन, सापडते; संकलन म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या किमतींतला फरक, आणि (०, ०) पासून (१, २) पर्यंतची वाट कितीही वाकडी असली तरी उत्तर २ + ८, म्हणजे १०च येते. पहिल्या घटकाचे क्ष-सापेक्ष संकलन करताना स्थिरांकाच्या जागी य चे फलन लिहायला विसरू नये. य³ तिथूनच मिळतो.

मात्र क्षेत्राच्या प्रांतात (ते जिथे परिभाषित आहे त्या भागात) भोक असेल तर ही कसोटी फसवते, आणि माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायला हवी. (−य, क्ष) या सदिशाला क्ष² + य² ने भागल्यास दोन्ही विकलने समानच येतात, तरीही आरंभबिंदूभोवती, म्हणजे (०, ०) भोवती, घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरा मारल्यावर संकलन शून्य न येता २π येते, कारण आरंभबिंदूपाशी हे क्षेत्र परिभाषितच नाही. अशा बंद वक्रासाठी प्राचलीकरणच करावे.