घाम नाही, सावली बघा: उन्हाळी कामात कातडी सांभाळण्याविषयी

उन्हाचा चटका वेगळा आणि उन्हातले, डोळ्यांना न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण वेगळे. चटका अंगाला लगेच कळतो, किरण कळत नाहीत. म्हणूनच गार वारा सुटला, आभाळ थोडं झाकोळलं की माणूस बाह्या वर सारून दिवसभर राबतो, आणि रात्री त्याला अंथरुणाला पाठ टेकवत नाही. पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली उतरतात.

तेव्हा अंदाज घामावरून नको, सावलीवरून बांधा. बांधावर सरळ उभे राहा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडत असेल तर किरण जोरात आहेत. साधारण सकाळी 10 ते दुपारी 4 हा तो काळ. मोबाइलवरच्या हवामान अंदाजात यूव्ही इंडेक्सचा, म्हणजे या किरणांच्या जोराचा, आकडा असतो, तोही बघत जा: 3 झाला की अंग झाकायचं, 8 किंवा त्याहून जास्त असेल तर भर दुपारी उघड्यावर जायचंच नाही. खुरपणी, तोडणी सकाळी लवकर उरका; प्रतवारी, बियाणं निवडणं, अवजारांची दुरुस्ती ही बसकामं दुपारी सावलीत ठेवा.

कपडे आधी, क्रीम नंतर. सदरा उजेडासमोर धरून बघा. धाग्यांमधून पलीकडचं दिसत असेल तर किरणही आत येणार. विरलेला पांढरा सुती सदरा थंड वाटतो खरा, पण अडवतो कमी, आणि घामाने भिजून अंगाला चिकटला की त्याहून कमी. घट्ट विणीचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. कॅप शेतकामाला बिनकामाची: कपाळ झाकते, कान आणि मानगूट उघडी टाकते. चारही बाजूंनी निदान 7-8 सेंटीमीटर काठ असलेली टोपी हवी.

हे सगळं उभ्या माणसाचं झालं. शेतातला माणूस मात्र अर्धा दिवस वाकलेला असतो. वाकलं की मानगूट थेट सूर्यासमोर येते, बाह्या मनगटावरून मागे सरकतात आणि सदरा वर चढून कमरेवर चार बोटं कातडी उघडी पडते. भाजते नेमकी तीच पट्टी. सदरा लांब शिवून घ्या किंवा आत खोचा, आणि मानेवर रुमाल सोडा.

जिथे कापड पोचत नाही तिथे सनस्क्रीन. एसपीएफ हा त्याच्या संरक्षणाचा आकडा. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, अडवतं; 50 असेल तर 98. म्हणजे मोठ्या आकड्यामागे धावण्यात फारसा अर्थ नाही. कमी पडतं ते लावण्याचं प्रमाण. चेहरा, मान आणि कानांना मिळून एक चमचा, प्रत्येक हाताला एक चमचा. निघण्याआधी 15-20 मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा, कारण घामाने ते निघून जातं.

फवारणीच्या दिवशी मात्र थांबा. काही सनस्क्रीनमधल्या रसायनांमुळे 2,4-डी सारखं तणनाशक कातडीतून जास्त शिरतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. त्या दिवशी क्रीमवर विसंबू नका, फवारणीचा पोशाख अंगभर घाला.

लिंबाचा रस, अंजिराचा चीक, सेलरीचा रस हातावर तसाच ठेवून उन्हात गेलात तर एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. तोडणी झाली की उन्हात जाण्याआधी साबणाने हात धुवा. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. बाजूची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए, म्हणजे कातडीत जास्त खोल शिरणारे अतिनील किरण, बरेचसे आत सोडते.

सावळ्या कातडीला तिच्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचं काही संरक्षण असतं, पण पुरतं नाही, आणि डोळ्यांना तर त्याचा उपयोग नाहीच. मोतीबिंदूच्या कारणांत हे किरणही आहेत, त्यामुळे कडेनेही झाकणारा, यूव्ही अडवणारा गॉगल वापरा.

सूर्यकिरणांमुळे कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1992 मध्येच नोंदवलं आहे. कानाची पाळी, नाकाचा शेंडा, हाताची मागची बाजू आणि खालचा ओठ महिन्यातून एकदा आरशात नीट बघा. खरखरीत खपली, चार आठवड्यांत न भरणारी जखम, रंग-आकार बदलणारा तीळ दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओठावरच्या खपलीला तर लोक ओठ उलला म्हणून महिनोन्‌महिने मलम चोळत बसतात. तसं करू नका, दाखवून या.