वेल्श गावांची नावे: आधी फोड, मग उच्चार

वेल्समधील गावाचे नाव समोर आले की इंग्रजीच्या सवयीने वाचण्याची घाई करू नये. वेल्श ही केल्टिक भाषा आहे. अक्षरे इंग्रजीचीच वाटली तरी त्यांचे ध्वनी पुष्कळदा वेगळे असतात. संधी सोडवतो त्याप्रमाणे आधी नाव फोडावे.

आरंभी बहुधा एखादा ठरावीक शब्द असतो. ‘आबेर’ म्हणजे नदीचे मुख, ‘पेन’ म्हणजे डोके किंवा टोक, आणि डबल एलने सुरू होणारा ‘लान’ म्हणजे चर्च व त्याचे आवार. हा ‘लान’ इंग्रजी ‘लँड’चा भाऊबंद आहे. इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक शाखेत जमीन हा अर्थ टिकला. वेल्शमध्ये मात्र तो कुंपणाच्या जागेवरून चर्चपर्यंत सरकत गेला. फळबागेला आजही ‘पेरलान’ म्हणतात, त्यात ते जुने कुंपण शाबूत आहे.

‘लान’नंतर संताचे नाव आले तर त्याचे पहिले व्यंजन मऊ होते: ‘तिद्नो’चा ‘दिद्नो’, ‘कोलेन’चा ‘गोलेन’, ‘माइर’चा ‘वाइर’. म्हणूनच ‘लानवाइर’ या नावात एफ लिहिलेला असला तरी तो ‘व’ असाच म्हणावा.

आता डबल एल. येथे ‘ळ’चा मोह टाळावा, कारण त्यासाठी जीभ मागे वळते. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक जिथे टेकते तिथेच ते टेकवून ठेवावे, आवाज पूर्ण थांबवावा आणि जिभेच्या कडांवरून नुसता श्वास सोडावा. गळ्यावर बोट ठेवून पाहावे. ‘ल’ला जाणवणारा कंप येथे जाणवता कामा नये. माझ्या मते या एका ध्वनीसाठी दिलेला वेळ सर्वाधिक सार्थकी लागतो.

आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: लान-‘दिद्’-नो, आबेर-‘ता’-वे. ‘आबेरतावे’ म्हणजे तावे नदीचे मुख. याच शहराचे इंग्रजी नाव ‘स्वॉन्झी’ मात्र जर्मानिक कुळातले, नॉर्स (स्कँडिनेव्हियातील) लोकांकडून आलेले आहे: ‘स्वेन’चे बेट. Swansea या स्पेलिंगमध्ये swan आणि sea दिसले तरी त्यात हंसही नाही आणि समुद्रही नाही. मधला ‘स’ हा ‘स्वेन’च्या षष्ठीचा प्रत्यय आणि शेवटचा ‘ई’ हा बेटाचा अवशेष, म्हणून आघात ‘स्वॉन’वर द्यावा आणि ‘झी’ हलकेच सोडून द्यावा.