पासिंग, काटा आणि हूक: कच्च्या रस्त्यासाठी पिकअप निवडताना वजनाचा हिशोब

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली विहीर आटली, तेव्हा दुसऱ्या गावातून पाणी आणण्यासाठी मी पिकअपच्या हौद्यात एक हजार लिटरची टाकी ठेवली. गाडी घेताना विक्रेत्याने ‘टनभर आरामात जाते’ असे सांगितले होते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हिशोब बरोबर बसतो, अशी माझी समजूत होती. टाकीचे स्वतःचे वजन, मोटरपंप, पाइप आणि कॅबिनमध्ये बसलेले चार जण मी मोजलेच नव्हते. चौथ्या फेरीत नाल्यात उतरताना टाकीतले पाणी एका बाजूला हेलकावले आणि मागच्या डाव्या चाकावरचा मुख्य पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगची मुख्य पट्टी, तुटला. फोर-बाय-फोर होते, लो गिअरही लागलेला होता, पण तुटलेल्या पाट्यापुढे त्या दोहोंचा काही उपयोग नव्हता. कच्च्या रस्त्यासाठी पिकअप घेणाऱ्याने इंजिनाच्या ताकदीआधी वजनाचा हिशोब का करावा, हे मला त्या दिवशी कळले, आणि तो हिशोब कसा करायचा हे येथे क्रमाने सांगतो.

मालवाहतुकीच्या धंद्यात ‘गाडीची पासिंग किती?’, म्हणजे तिला किती वजन वाहायची परवानगी आहे, असे विचारतात, आणि खरेदीच्या वेळी आपणही हाच प्रश्न धरून ठेवावा. नोंदणी पुस्तिकेत, म्हणजे आरसीवर, दोन वजने लिहिलेली असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरते ती गाडीची भारक्षमता. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या गाडीच्या वजनात चालक किंवा मदतनीस धरलेला नसतो, त्यामुळे चालवणारा माणूससुद्धा या उरलेल्या आकड्यातच बसतो. भारक्षमता म्हणजे केवळ हौद्यात टाकायचा माल नव्हे. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर गाडीवर जे जे चढते, मग ते माणूस असो, कॅनोपी म्हणजे हौद्यावरचे झाकण असो की जास्तीचे स्टेपनी चाक असो, ते सगळे तिच्यात मोजावे लागते.

भारतात मिळणाऱ्या पिकअप ढोबळमानाने दोन घराण्यांतल्या आहेत. महिंद्राची बोलेरो पिकअप आणि कॅम्पर किंवा टाटाची योद्धा या मुळात ओझे वाहण्यासाठी बांधलेल्या गाड्या आहेत. 2022 मध्ये आलेली योद्धा 2.0 तर 2,000 किलो भारक्षमतेची म्हणून विकली गेली. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 मध्येच भारतात आलेली टोयोटाची हायलक्स या पाच माणसांच्या, आरामशीर आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आहेत, परंतु त्यांच्या आरसीवरची भारक्षमता ओझ्याच्या गाड्यांपेक्षा बरीच कमी असते. किमतीने मोठी गाडी जास्त वजन वाहील, हा समज येथे सपशेल उलटा ठरतो. त्यातही एकाच नावाच्या गाडीचे ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल, टू-व्हील आणि फोर-व्हील असे प्रकार वेगवेगळ्या वजनाचे असतात, म्हणून जाहिरातीतला आकडा न घेता जो प्रकार आपण घेणार आहात त्याच्याच कागदावरचा आकडा घ्यावा.

आता एक हिशोब मांडून पाहू. समजा, रिकामी गाडी 2,000 किलोची आहे आणि एकूण वजनाची मर्यादा 2,700 किलो आहे, म्हणजे हातात 700 किलो आहेत. पेंच किंवा उमरेड-करांडलाच्या जंगलाच्या बाजूला दोन दिवसांच्या मुक्कामाला चार मोठी माणसे निघाली, की सत्तर किलोच्या हिशोबाने 280 किलो संपले. हौद्यावरची कॅनोपी 60, टपावरचा तंबू 60, पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन 60, आणि जास्तीचे चाक, जॅक, दोर, फावडे, हत्यारपेटी मिळून 50. बेरीज 510 झाली आणि शिल्लक राहिले 190 किलो. अजून शिधा, गॅस, अंथरूण-पांघरूण मोजलेले नाही. हीच गाडी परतीच्या वाटेवर शेतासाठी युरियाची पोती भरणार असेल, तर 45 किलोची चार पोती चढवताच मर्यादा संपली असे समजावे. लोखंडी बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवण्याचा विचार असेल तर त्यांचे वजनही याच खात्यातून जाते. शिवाय गाडीच्या पुढे लावायच्या क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्येच बंदीचे निर्देश दिलेले आहेत, तेव्हा ते वजन न वाढवणेच उत्तम.

कागदावरचा हिशोब काट्यावर पडताळून घ्यावा. नागपुरात कळमना, वाडी, हिंगणा एमआयडीसी या भागांत धरमकाटे, म्हणजे अख्खी गाडी तोलणारे काटे, आहेत आणि पावतीचा खर्च क्षुल्लक असतो. जुनी गाडी घेत असाल तर हे काम सौद्याआधीच करा, कारण आधीच्या मालकाने वाढवलेले पाटे, पत्र्याचे अस्तर आणि जाड लोखंडी पिंजरा आरसीवर दिसत नाहीत. डिझेलची टाकी पूर्ण भरून गाडी नेहमीच्या सामानासह काट्यावर घ्यावी आणि तीन पावत्या कराव्यात: एक पूर्ण गाडीची, एक फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, आणि एक फक्त मागची चाके ठेवून. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि जमीन एका पातळीत असणे आवश्यक आहे, नाहीतर चाकांवरच्या भाराचा आकडा चुकतो. मोठ्या काट्यावर आकडा दहा किलोंच्या टप्प्याने बदलतो, तेव्हा पाच-दहा किलोंच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मागच्या चाकांचा आकडा मात्र बारकाईने पाहावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, त्याच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. एक्सलच्या मर्यादा गाडीवरच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या असतात.

हे कसे घडते, हे ट्रेलर जोडल्यावर सर्वांत स्पष्ट दिसते. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हूकवर खाली दाबतो. या दाबाला नोज वेट म्हणतात आणि ट्रेलर स्थिर चालावा म्हणून तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. 1,200 किलोचा ट्रेलर म्हणजे 120 किलोचा दाब. वरच्या उदाहरणात शिल्लक राहिलेल्या 190 किलोंतून हे 120 गेले की 70 उरतात, म्हणजे युरियाचे एक पोते आणि वर पंचवीस किलो. दाब जेथे पडतो ती जागाही महत्त्वाची आहे. दोन एक्सलमधले अंतर 3.1 मीटर असलेल्या गाडीत हूक मागच्या एक्सलच्या 1.3 मीटर मागे असेल, तर 120 किलोचा दाब मागच्या एक्सलवर 170 किलो होऊन बसतो आणि पुढच्या एक्सलवरून 50 किलो उचलतो. पुढची चाके हलकी झाली की ओल्या मातीत स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला जड सामान ठेवल्यानेही हाच परिणाम होतो, म्हणून पाण्याचे कॅन आणि हत्यारपेटी कॅबिनच्या पाठीशी लावावी.

नोज वेट मोजायला महागडे साधन लागत नाही. सपाट जागी ट्रेलर भरून उभा करावा, चाकांना दगड लावावेत, आणि दांड्याखाली घरातला वजनकाटा ठेवून त्यावर, दोन्ही मिळून हूकच्या उंचीइतके होतील असा, लाकडी ठोकळा ठेवावा. आकडा कमी आला तर ट्रेलरमधला माल पुढे सरकवावा, जास्त आला तर मागे. दाब फार कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, वेगाच्या रस्त्यावर ते डोलणे गाडीलाही सोबत घेऊन जाते. असे झाल्यास ब्रेक दाबू नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

ओढण्याच्या मर्यादेचे दोन आकडे असतात, एक ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतानाचा आणि दुसरा ब्रेक असतानाचा, आणि त्या दोहोंत मोठे अंतर असते. ऑस्ट्रेलियात डी-मॅक्स आणि हायलक्सच्या फोर-बाय-फोर प्रकारांना ब्रेक असलेला 3,500 किलोचा ट्रेलर चालतो, पण ब्रेक नसलेला फक्त 750 किलोचा. इंटरनेटवर पहिला आकडा पाहून नागपुरात तेवढे वजन ओढायला काढणे धोक्याचे आहे, कारण तो आकडा तेथील गाडीचा, तेथील हूकचा आणि तेथील ब्रेकच्या ट्रेलरचा आहे. आपल्याकडच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडा दिलेला नसेल, तर कंपनीने तशी परवानगी दिलेली नाही असेच धरून चालावे आणि लेखी उत्तर मिळाल्याशिवाय हूक लावू नये. वेल्डिंगच्या दुकानात बनवलेला हूक चेसिसला कोठे जोडला आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि त्यावरचा भार कोणीच तपासलेला नसतो. ट्रेलर हेही कायद्याने मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते.

याशिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची तिसरी मर्यादा असते. समजा, गाडीची मर्यादा 2,700, ट्रेलरची 2,800 आणि एकत्रित 5,000 किलो आहे. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज 5,500 होते, म्हणजे गाडी पूर्ण भरली तर ट्रेलरच्या चाकांवर 2,300 किलोंहून जास्त भार चालणार नाही. दोन्ही मर्यादा एकाच वेळी वापरता येत नाहीत, हे गाडी निवडण्याआधीच कळलेले बरे. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात एसी लावून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीने तर या आकड्यांच्या जवळही जाऊ नये. चढताना गिअरबॉक्सचे तेल तापते आणि उतरताना ब्रेक.

आतापर्यंतचे सगळे आकडे चांगल्या रस्त्याचे आहेत. कच्च्या वाटेवर खड्ड्यात आदळताना पाट्यांवर आणि टायरवर क्षणभर कितीतरी जास्त भार येतो, आणि एक चाक अधांतरी झाले की त्याचा वाटा उरलेल्या चाकांवर जातो. टायरच्या बाजूला लिहिलेला 112 हा भारांक एका टायरचे 1,120 किलो सांगतो, पण ते पूर्ण हवेवर. वाळूत चालण्यासाठी हवा कमी केली की ही क्षमताही कमी होते. विदर्भाच्या काळ्या मातीचा तर वेगळाच जाच आहे. पावसात ती चाकांना चिकटून खाचा बुजवते आणि जड गाडी तिच्यात एक्सलपर्यंत बसते. म्हणून ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा शेतवाटेने जायचे आहे त्यांनी आरसीवरच्या भारक्षमतेचा पाव भाग मोकळा सोडावा, असे माझे मत आहे. उरलेल्या पाऊण भागात आपले रोजचे ओझे बसत नसेल, तर ती गाडी आपल्यासाठी नाही.

पाटा तुटल्यावर गॅरेजवाल्याने मला एक जास्तीचा पाटा टाकून दिला होता. गाडी मागून खाली बसणे थांबले, पण रिकामी असताना ती इतकी उसळू लागली की ओल्या चढावर मागची चाके जमीन सोडत. जास्तीच्या पाट्याने पासिंग वाढत नाही. एक्सल, ब्रेक, चेसिस आणि आरसी तीच राहते. मर्यादेपेक्षा जास्त वजन वाहिल्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवून ठेवावा लागतो.

शेवटी चाचणी फेरीबद्दल. शोरूम रिकामी गाडी देते आणि रिकामी पिकअप सगळीच चांगली चालते. आगाऊ रक्कम देण्याआधी आपल्या नेहमीच्या ओझ्याइतकी वाळूची पोती हौद्यात ठेवून, घरची माणसे बसवून, एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा काढू द्यावी, अशी मागणी करा. उतारावर ब्रेकचा पेडल किती खोल जातो, मागचे पाटे टेकल्याचा ठोका ऐकू येतो का, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो का, हे पाहा. नंतर त्याच स्थितीत गाडी काट्यावर न्या आणि पावती आरसीच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा.