गीझरची पाटी कशी वाचावी आणि सदोष निघाला तर तो परत कसा करावा

गाडीत दोष निघाला तर शोरूममधून फोन येतो, कारण गाडी तुमच्या नावावर नोंदलेली असते. गीझरचं तसं नाही. तुमच्या न्हाणीघरात कोणता गीझर टांगलाय हे कंपनीला बहुधा माहीतच नसतं. म्हणून “काही असतं तर कंपनीने कळवलं असतं” असं कोणी म्हटलं की मला राग येतो. गीझर परत मागवतात ते मॉडेल आणि सिरीयल नंबरावरून. तो नंबर हाताशी नसेल तर बातमी वाचूनही तुम्हाला काही कळणार नाही.

आधी बिल शोधा. मग एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, पाडा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाय कोरडे हवेत आणि उभं राहायला भक्कम स्टूल हवं, उलटी बादली नको.

पाटी बहुतेक गीझरच्या खालच्या अंगाला किंवा भिंतीकडच्या बाजूला असते, म्हणजे मान वाकडी करूनही दिसत नाही. मोबाइल खालून फिरवत व्हिडिओ काढा आणि नंतर खाली बसून थांबवत थांबवत वाचा. वाफेने शाई उडालेली असते, ३ आणि ८ सारखेच दिसतात. विजेरी समोरून न मारता तिरकी धरा, म्हणजे ठसा उठून दिसतो. मॉडेल, सिरीयल नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कारखान्याचं नाव-पत्ता, सगळं उतरवून घ्या.

आता आयएसआय चिन्ह. पहिल्या खेपेला मी इथेच फसले. तीन पिनांच्या प्लगवर चिन्ह दिसलं, जीव भांड्यात पडला आणि मी खाली उतरले. ते चिन्ह प्लगचं होतं. गीझरवर स्वतःचं चिन्ह नव्हतंच, हे कळलं पुढच्या हिवाळ्यात, वायरमनने झाकण उघडलं तेव्हा. तोवर घरातली सगळी त्याच पाण्याने आंघोळ करत होती. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक, म्हणजे त्या वस्तूच्या भारतीय मानकाचा क्रमांक असतो, तो वाचल्याशिवाय चिन्हाला काही अर्थ नाही. प्लगचा क्रमांक १२९३, वायरचा ६९४. टाकीवाल्या विजेच्या गीझरवर २०८२ हवा. दुसरा कुठलाही क्रमांक दाखवून दुकानदार “आयएसआय आहे की” म्हणाला, तर ऐकू नका.

चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो टाका. इथे दोनदा घोटाळा होतो. ॲपमध्ये आलेलं नाव गीझरवरच्या ब्रँडचं नसतं आणि माणूस घाबरतो. मीही दुकानात जाऊन भांडून आले होते, आणि चूक माझी होती. परवाना कारखान्याला मिळतो, आणि पुष्कळ ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. म्हणून पाटीवरचा कारखान्याचा पत्ता जुळवा. पत्ताच जुळत नसेल तर मात्र नक्की संशय घ्या. दुसरं म्हणजे परवाना आज संपलेला दिसला म्हणून गीझर लगेच बनावट ठरत नाही. तो बनला त्या महिन्यात परवाना चालू होता का, ते पाहा.

वायरमन आला की एक प्रश्न विचाराच: कटआउट डायरेक्ट केलाय का? थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो चिकटून बसला तर कटआउट तोडतो. कटआउट सारखा पडतो म्हणून त्याच्या दोन वायरी जोडून टाकणारे कारागीर गावोगाव आहेत, आणि “चालतंय ना” म्हणून खूश होणारे मालकही. मग थर्मोस्टॅट बिघडला की पाणी उकळतच राहतं, आणि टाकी फुटू नये म्हणून उरतो तो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह. बोअरच्या पाण्याच्या क्षाराने तोही बसलेला असू शकतो. असा गीझर एक दिवसही चालवू नका. बदली भाग मुंबईच्या लोहार चाळीतून आणा की पुण्याच्या तपकीर गल्लीतून, तो त्याच मॉडेलचा आणि तेवढ्याच ॲम्पिअरचा हवा.

दोष निघाला तर कंपनीला लेखी कळवा, बीआयएस केअरवर तक्रार टाका आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. “आपल्याकडे कोण परत घेतं” असं म्हणत बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. २०२२मध्ये या प्राधिकरणाने एका बड्या ऑनलाइन बाजारपेठेला तसा आदेश दिला होता: दर्जाचे निकष न पाळणारे २,२६५ प्रेशर कुकर परत घ्या, ग्राहकांना कळवा, पैसे द्या. त्याआधी डिसेंबर २०२१मध्ये आयएसआय नसलेल्या पाणी तापवायच्या रॉडबद्दलही प्राधिकरणाने सावधानतेची सूचना काढली होती.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पाटी खरवडू नका आणि पोचपावतीशिवाय गीझर कोणाच्या हाती देऊ नका. एक्स्चेंज ऑफरमध्ये किंवा भंगारात तर मुळीच नाही. तिथून तो पुसून-रंगवून कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत पुन्हा टांगला जातो.