मरळीसाठी बेटकास्टर: रीळ निवडताना आणि जुळवताना

बेटकास्टर म्हणजे रॉडच्या वर बसणारं रीळ, ज्याचा स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) फेकताना स्वतः फिरतो. त्याविषयी इंटरनेटवर जे सापडतं, ते जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या बास माशाला धरून लिहिलेलं असतं. आपल्या मुळशी, पवना, भाटघर, उजनी या धरणांत बास नाही, मरळ आहे. बासप्रमाणे तीही गवतात आणि जलपर्णीखाली दबा धरून बसते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालते, म्हणून बासचं सामान तिला चालतं. आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. तिकडचा माणूस बोटीत उभा राहून ६५ पाउंडी दोरा आणि सव्वासात फुटी जाड रॉडने मोठा फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं पोकळ रबरी आमिष) फेकतो. आपण काठावर उभे असतो, मागे बाभळीचं झुडूप असतं आणि दोऱ्याला १०-१२ ग्रॅमचा फ्रॉग असतो. त्यावर ते अवजड सामान बांधलं की फेक दहा मीटरच्या पुढे जात नाही आणि दोष रिळाला दिला जातो.

रीळ घेताना आधी हात ठरवा. स्पिनिंग रिळाचं (रॉडखाली लटकणारं, फेकताना स्पूल न फिरणारं) हँडल या बाजूचं त्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं येत नाही. डावं घेतलं ते डावंच राहणार. शिमानो कंपनीच्या मॉडेल नंबरात शेवटचा आकडा १ असेल तर ते डाव्या हँडलचं (१५० उजवं, १५१ डावं). दाइवा कंपनीच्या रिळाच्या नावात शेवटी एल असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावं घ्यावं, असं आमचं मत. फ्रॉग पाण्यावर टेकतो त्याच क्षणी कित्येकदा मरळ उठते, आणि तेव्हा रॉड या हातातून त्या हातात घेत बसायला वेळ नसतो.

मग गिअर. खोक्यावर ७.१:१ लिहिलेलं असतं, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ७.१ वेळा फिरतो. स्पूलचा भरलेला व्यास ३४ मिलिमीटर धरला तर एका वेढ्यात १०.७ सेंटिमीटर दोरा जातो आणि हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७६ सेंटिमीटर. तोच हिशोब ५.४:१ ला केला तर ५८ येतात. फ्रॉगसाठी सातच्या वरचं घ्या, कारण इथे वेग लागतो तो ढिला दोरा पटकन गोळा करायला. मासा फ्रॉग घेऊन तुमच्याच दिशेने आला तर हळू रिळावर दोरा ताणातच येत नाही. खोल पळणारे क्रँकबेट (ओढलं की बुडणारी माशाच्या आकाराची आमिषं) ओढायचे असतील तर मात्र ५ ते ६.५ बरं; वेगवान रिळावर त्यांचा जोर मनगटावर येतो. शिमानोत पीजी म्हणजे हळू आणि ताकदीचं, एचजी वेगवान, एक्सजी त्याहून वेगवान. स्पूलवरचा दोरा कमी झाला की हा हिशोब खाली येतो, हेही ध्यानात असू द्या: व्यास २८ वर आला तर त्याच ७.१ च्या रिळावर एका फेऱ्यात ६२ सेंटिमीटरच येतात.

बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. ११ हलक्या प्रतीच्या बेअरिंगपेक्षा ४ चांगल्या बऱ्या. दुकानात दोन गोष्टी तपासा. स्पूल मोकळा करणारा खटका दाबून स्पूल बोटाने फिरवा, तो खरखर न करता सावकाश थांबला पाहिजे. मग हँडल धरून पुढेमागे हलवा. त्याला खेळ असेल तर गळ बसवताना तो खेळ वाढत जातो. आणि बाहेरून फिरवता येणारा ब्रेक असलेलंच घ्या. प्लेट उघडून ब्रेक बदलायचा म्हटलं की चिखलातल्या हातांनी कोणी बदलत नाही.

रॉड साडेसहा ते सात फूट, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा ताकदीचा), टोक फास्ट (फक्त शेंड्याशी वाकणारं), त्यावर ७ ते २८ ग्रॅम वजन छापलेला. हेवी रॉड उजनीच्या दाट जलपर्णीतच कामाचा. दुचाकीवरून जाणाऱ्याने एका तुकड्याचा रॉड घेऊच नये. दोन तुकड्यांचा घ्या आणि सांध्यावर मेणबत्ती घासा, म्हणजे फेकता फेकता वरचा तुकडा सैल होत नाही. बेटकास्टरच्या रॉडला खाली बोट अडकवायला खटक्यासारखा आकडा असतो आणि कड्या वरच्या अंगाला येतात. स्पिनिंगच्या रॉडवर हे रीळ चढवू नका.

दोरा ब्रेडेड (विणलेला), ४० ते ५० पाउंडी, जाडीने ०.३२ ते ०.३६ मिलिमीटर. त्याहून बारीक घेतला तर तो स्वतःच्याच वेढ्यांत घुसतो. गवतात फ्रॉग थेट ब्रेडला पालोमार गाठीने बांधा, लीडर (पुढे जोडायचा वेगळ्या दोऱ्याचा तुकडा) नको. मुळशी किंवा पानशेतच्या कातळाच्या काठावर मात्र मीटरभर ४० पाउंडी फ्लुरोकार्बन (घासायला टिकणारा पारदर्शक दोरा) लावा, कारण ताणलेला ब्रेड खडकावर घासला की लगेच तुटतो. तो ब्रेडला जोडायला एफजी गाठ बारीक बसते. ती फेकताना रॉडच्या टोकाबाहेर राहील इतपतच लीडर ठेवायचा.

दोरा भरण्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. ब्रेड सरळ स्पूलला बांधला तर सगळा गठ्ठाच स्पूलवर घसरतो. मासा ओढतो, हँडल फिरत राहतं, दोरा काही येत नाही, आणि माणूस ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरा सरकू देणारी सोय) गेला म्हणून रीळ दुरुस्तीला देतो. म्हणून आधी ८-१० मीटर साधा मोनो (एकसंध नायलॉनचा दोरा) गुंडाळा, त्याला ब्रेड जोडा. भरताना दोरा ओल्या फडक्यातून घट्ट दाबून घ्या. सैल भरलेल्या ब्रेडमध्ये पहिल्याच मोठ्या ओढीला वरचा वेढा खाली रुततो. पुढच्या फेकीला तो मध्येच अडतो आणि फ्रॉग दोरा तोडून एकटाच पाण्यात जातो. स्पूलच्या कडेपासून २ ते ३ मिलिमीटर रिकामं राहू द्या. १०० मीटर ब्रेड पुष्कळ झाला.

आता जुळवणी. गुंता का होतो हे एकदा कळलं की बाकी सोपं आहे. फ्रॉग हवेत सुटतो तेव्हा तो स्पूलला ओढत असतो. पुढे हवेच्या अडथळ्याने फ्रॉग मंदावतो, स्पूल मात्र त्याच तालात फिरत राहतो, आणि जास्तीचा दोरा बाहेर जायला वाट न मिळाल्याने स्पूलवरच फुगतो. स्पूलला आवरायला तीन साधनं आहेत: हँडलच्या बाजूची गोल घुंडी, पलीकडच्या बाजूचा ब्रेक आणि तुमचा अंगठा.

घुंडीपासून सुरुवात करा. जो फ्रॉग फेकायचा तोच बांधा, रॉड आडवा धरा, टोकापासून वीतभर फ्रॉग लोंबू द्या. ब्रेक शून्यावर ठेवा. खटका दाबा. फ्रॉग सावकाश खाली गेला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. टेकल्यावरही फिरत राहिला तर घुंडी थोडी आवळा. खाली जातच नसेल तर सैल करा. हात बसल्यावर घुंडी फक्त स्पूलची डावी-उजवी हालचाल बंद होईल इतकीच ठेवायची आणि बाकीचं काम ब्रेककडे सोपवायचं, कारण आवळलेली घुंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फेक खाते.

ब्रेक दोन जातींचे. चुंबकी ब्रेकला बाहेर ० ते १० अशी चकती असते. फिरणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या स्पूलला चुंबक मागे खेचतं आणि ही खेच फेकीच्या शेवटपर्यंत थोडीफार टिकते. सेंट्रिफ्युगलमध्ये स्पूलवरचे छोटे प्लास्टिकचे ठोकळे वेगाने बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून सुरुवातीला जबर, शेवटी जवळजवळ नाही. चुंबकी असेल तर ८ वर सुरू करा. सहा ठोकळ्यांचं असेल तर चार चालू ठेवा, पण समोरासमोरच्या जोड्यांनी, नाहीतर स्पूल थरथरतो. पाच-सहा फेकी स्वच्छ गेल्या की एक पायरी कमी करा.

फेक मनगटाने, पण झटका देऊन नाही. पावभर रस्ता सावकाश, मग वेग वाढवत जायचं. फेकणाऱ्या हाताची पालथी बाजू वर येईल असा रॉड किंचित तिरका धरला तर मनगट मोकळं फिरतं. अंगठा स्पूलवर टेकवलेला असावा, दाबलेला नव्हे, आणि फ्रॉग पाण्यावर टेकण्याआधी क्षणभर तो घट्ट दाबायचा. हे शेवटचं दाबणं कोणताही ब्रेक तुमच्यासाठी करत नाही, जाहिरात काहीही म्हणो. सराव गवताच्या मैदानावर, गळ नसलेल्या १५ ग्रॅमच्या वजनाने करा. डांबरावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला तर ब्रेडचे तंतू पिंजून निघतात. सरावाआधी एक युक्ती: नेहमीच्या फेकीपेक्षा १० मीटर जास्त दोरा बाहेर काढा, उरलेल्या दोऱ्यावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवा (पुण्यात तापकीर गल्लीत ढीगभर मिळते) आणि दोरा परत गुंडाळा. गुंता झाला तरी टेपच्या खाली जात नाही. पाण्यावर जाण्याआधी टेप काढायला विसरू नका. मोठी मरळ टेपच्या पलीकडेही दोरा नेते.

गुंता झाला की कुठे झाला ते बघा, उपाय त्यातच असतो. फ्रॉग हातातून सुटताच पहिल्या पाच-सात मीटरमध्ये झाला, तर ब्रेक कमी पडला किंवा फेकीला झटका बसला. हवेत मध्यावर दोरा पिसाळल्यासारखा वर आला, तर ब्रेक चुंबकी असल्यास एक पायरी वाढवा, सेंट्रिफ्युगल असल्यास घुंडी किंचित आवळा. फ्रॉग पाण्यात टेकल्यावर झाला, तर अंगठा उशिरा पडला. रिळाला हात लावू नका. फेक समोरच्या वाऱ्यात असेल तर ब्रेक दोन पायऱ्या वर घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा सकाळची जुळवणी चालत नाही. फ्रॉग बदलला तरी पुन्हा जुळवायचं, ८ आणि १६ ग्रॅमला एकच घुंडी लागू पडत नाही. ८ ग्रॅमच्या खाली साधं बेटकास्टर कुरकुरतं. त्यासाठी उथळ स्पूलचं वेगळं रीळ असतं, किंवा सरळ स्पिनिंग वापरा.

गुंता सोडवताना नखांनी ओरबाडू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून ठेवा, हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग खटका दाबून दोरा हळूच ओढा. बहुतेक गुंते एवढ्यावर सुटतात. नाहीच सुटला तर ज्या वेढ्याखाली दोरा अडकलाय तो आडवा वेढा शोधून फक्त तोच बाहेर काढा. मोनोमध्ये घडी पडली असेल तर तिथपर्यंतचा दोरा कापून टाका, पुढच्या ओढीला तो तिथेच तुटतो.

ड्रॅग आवळायची ती हँडलपाशी असलेली चांदणीच्या आकाराची चकती. अंदाजाने आवळण्यापेक्षा हुकाच्या वजनकाट्याला दोरा बांधून ओढून बघा. जलपर्णीत ५ किलोला सरकायला लागेल असं ठेवा. ५० पाउंडी दोरा म्हणजे साडेबावीस किलोचा, हे त्याच्या चौथ्या भागाच्या आत आहे. मोकळ्या पाण्यात ३ किलो पुरे. गवतात सैल ड्रॅग ठेवला तर मरळ पहिल्या धडकेतच मुळांत शिरते आणि मग मासा नाही, पाच किलो जलपर्णी ओढावी लागते.

फ्रॉगवरही थोडं काम करावं लागतं. दोन्ही गळ किंचित, एखाद-दोन मिलिमीटर, बाहेर वाकवा. फॅक्टरीतून ते अंगाला इतके चिकटून येतात की मरळीचं टणक तोंड त्यांना लागतच नाही. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा, घसरलं तर धार लावा. आत शिरलेलं पाणी दर दहा-बारा फेकींनी पिळून काढा, नाहीतर फ्रॉग जड होऊन बुडतो आणि तुमची जुळवणी बिघडते. मरळ ज्या जागी हवा घ्यायला वर आली तिथे फ्रॉग टाकू नका. दोन-तीन मीटर पलीकडे टाकून वरून आणा. पाणी फुटल्याबरोबर रॉड मारू नका. टोक खाली करा, ढिला दोरा गोळा करा, वजन जाणवलं की मगच वर खेचा. आवाजावर खेचणाऱ्याच्या तोंडावर रिकामा फ्रॉग येतो.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तो सोडून द्या. खाली मोठी मरळ राखणीला असते आणि ती फ्रॉगवर हमखास उठते, पण तिला काढलं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. जलाशयातला मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, तेव्हा गावात विचारून परवानगी घ्या. खडकवासल्याला एनडीएच्या हद्दीतल्या काठावर पाऊल टाकू नका. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात असाल आणि विसर्गाचा भोंगा वाजला तर सामान तसंच टाकून वर या.

घरी आल्यावर रीळ नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्पूलच्या दोन्ही बेअरिंगला एकेक थेंब पातळ तेल, दोरा पसरवणाऱ्या आडव्या दांड्याला एक थेंब, गिअरला ग्रीस. बेअरिंगमध्ये ग्रीस घातलं की फेक निम्म्यावर येते. सेंट्रिफ्युगल ठोकळ्यांच्या कड्याला मात्र तेलाचा डागही लागता कामा नये. अचानक कोणत्याही जुळवणीला रीळ दाद देईनासं झालं तर बहुधा तिथेच तेल गेलेलं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. ठेवून देताना ड्रॅगची चांदणी पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटक्याझटक्याने सुटतो.